पुसलेली जागा

आमच्या केंद्रात गाड्या दुरुस्त करायला शिकवतात, असं बाहेरच्या पाटीवर लिहिलं आहे. खरं म्हणजे आधी मी त्या बिघडवतो. रोज सकाळी मुलं यायच्या आत शेडचं शटर वर करायचं, आत उभ्या असलेल्या जुन्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट उघडायचं आणि तिच्यात एक बिघाड पेरून ठेवायचा. कधी चांगला फ्यूज काढून जळका बसवायचा, कधी वायरींच्या जोडातली एखादी पिन दिसणार नाही इतपत मागे सरकवायची, कधी हवेच्या नळीला बारीकसं भोक पाडायचं. मुलं मग ते दिवसभर शोधत बसतात. या गाडीला सगळे आत्याबाई म्हणतात, कारण ती कशावरून रुसेल याचा नेम नाही. तिचे रुसवे मीच ठरवतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

मला मुलं समोर सर म्हणतात आणि पाठीमागे फडकं मास्तर. त्यांना वाटतं मला कळत नाही. माझ्या खिशात कायम एक फडकं असतं, ही गोष्ट खरी. ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो ते म्हणायचे, काम असं कर, की तू तिथं होतास हे मालकाला कळता कामा नये. काळी बोटं उमटायला नकोत, ग्रीसचा ओघळ दिसायला नको. त्यामुळे जिथं माझा हात लागला तिथं मागोमाग फडकं फिरतंच. घरीसुद्धा फिरतं. बायको म्हणते, "अहो, ते ताट आहे, पिस्टन नाही. किती पुसाल?" मी पुसत राहतो.

शेडला लागून असलेल्या वर्गखोलीच्या मागच्या भिंतीवर गाडीतल्या विजेच्या जोडणीची मोठी आकृती आहे, तीही मीच ऑइलपेंटने रंगवलेली. बॅटरी, चावी, दिवे, इंजिनाला पहिला गरका देणारी सेल्फची मोटर, सगळं जागच्या जागी. एक रेघ दुसरीच्या आड येत नाही. कोणी पाहुणा आला की प्राचार्य त्याला आधी त्या भिंतीपुढे नेऊन उभा करतात. मी तेव्हा उगाचच बाजूला काहीतरी शोधत असल्यासारखं करतो.

यंदाच्या वर्गात एकच मुलगी होती. बाकीच्या मुलांचे पंजे जिथं अडकायचे तिथं तिची बोटं सहज जायची, म्हणून तिचं नाव पडलं चिमटी. पहिल्या दिवशी तिची आई तिला सोडायला आली होती. शेड, तेलाचे डाग, भिंतीला टांगलेले पाने, सगळं बघून झाल्यावर ती मला म्हणाली, "सर, हिला जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. हिच्या काकांनी कापडाच्या दुकानात बोलून ठेवलंय. मी म्हटलं, हे वर्ष होऊन जाऊ दे, मग बघू." मुलगी शेजारीच उभी होती. ती आईकडे न बघता आत्याबाईकडे बघत होती.

जमत नसेल म्हणे! पोरीने महिन्याभरात आमच्या नाकी नऊ आणले. मी सकाळी डोकं खाजवून खाजवून बिघाड पेरावा आणि हिने हात पुसायच्या आत तो काढून दाखवावा. बाकीची मुलं अजून बॅटरी तपासत असायची. मी वरवर म्हणायचो, "घाई नको, नीट बघ." आतून मला आनंदाने उड्या माराव्याशा वाटत. इतकी वर्षं शिकवतो आहे, पण असा विद्यार्थी हाताला लागला नव्हता. मी घरी जाऊन बायकोला सांगायचो आणि ती म्हणायची, "कळलं, कालही सांगितलंत."

शहराच्या बसगाड्यांचं जे मोठं वर्कशॉप आहे, ते दर वर्षी आमच्या केंद्रातून एक उमेदवार घेतं. परीक्षा नाही, मुलाखत नाही. तिथले साहेब मला फोन करतात, मी एक नाव सांगतो आणि तो उमेदवार रुजू होतो. पहिल्या दिवसापासून पगार, गणवेश आणि नव्या विजेवरच्या बसगाड्यांचं शिक्षण. बाकीच्यांना आपापलं बघावं लागतं. मुलाला कुठलंही गॅरेज ठेवून घेतं. मुलगी दिसली की गॅरेजवाले म्हणतात, हिशेबाला बसशील का? म्हणजे चिमटीसाठी एकीकडे बसचं वर्कशॉप होतं आणि दुसरीकडे काकांनी बोलून ठेवलेलं कापडाचं दुकान. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. मी कोणाचं नाव सांगणार हेही जवळजवळ ठरलेलं होतं.

मग एकदा मला ताप आला. माझ्या जागी दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकांनी बिघाड पेरला. साधा बिघाड होता, कोणालाही दोन मिनिटांत सापडावा असा. आणि चिमटीला तो दिवसभरात सापडला नाही. दुसऱ्या दिवशी मी आलो तर सगळे तिची चेष्टा करत होते. मी म्हटलं, होतं असं कधीकधी. पण मनात पाल चुकचुकली. त्या दिवशी बिघाड मी पेरला आणि एका कोपऱ्यात उभा राहून ती नेमकं काय करते ते बघितलं.

तिने वीज मोजायचा मीटर घेतलाच नाही. चावी फिरवून बघितली नाही. तिने टॉर्च घेतली, ती आडवी धरली आणि इंजिनावरून हळूहळू फिरवली. एका जागी थांबली. तिथला जोड उपटला. बिघाड तिथंच होता.

"कसं कळलं?" मी विचारलं.

तिने टॉर्च बंद केली.

"अगं, विचारतोय मी. कसं कळलं?"

"सर, रागवू नका," ती म्हणाली. "सगळ्या इंजिनावर धूळ आहे. तुम्ही जिथं हात लावता तिथं पुसून ठेवता. तेवढीच जागा लखलखते. मी तिथून सुरुवात करते."

मी कपाळाला हात लावला. म्हणजे वर्षभर ही पोरगी गाडी वाचत नव्हती, मला वाचत होती! आणि मी घरी जाऊन बायकोला कौतुक सांगत होतो. माझा पारा असा चढला की बाकीची मुलं आपापल्या टेबलाकडे सरकली.

"बसच्या वर्कशॉपमध्ये काय करशील?" मी ओरडलो. "तिथं गाडी आपोआप बिघडते. तिथं कोण मास्तर सकाळी येऊन बिघाड पेरून, वर फडकं मारून ठेवणार आहे? गाडीला विचार. मीटर लाव. मोज. पुसलेल्या जागा काय शोधतेस?"

"हो, सर," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते तिने खाली पडू दिलं नाही.

पुढचे काही दिवस आमच्यात अघोषित युद्ध चाललं. मी पुसायचं बंद केलं, तर तिला न पुसलेल्या जागी माझी बोटं दिसली. मी सगळं इंजिन पुसून काढलं, तर तिने प्रत्येक बोल्टवर पाना लावून पाहिला आणि जो सगळ्यांत घट्ट होता तो माझा म्हणून ओळखला. पैलवान हसून हसून लोळायचा बाकी होता. पैलवान म्हणजे वर्गातला दुसरा हुशार मुलगा. अंगाने दांडगा, डोक्याने सावकाश, पण पायरी सोडून उडी मारणार नाही. आधी बॅटरी, मग फ्यूज, मग वायर, अशा क्रमाने तो जायचा आणि संध्याकाळपर्यंत कुठंतरी पोचायचा. मला पूर्वी त्याचा कंटाळा यायचा. आता तो शहाणा वाटायला लागला.

माझ्या हाताचा वास नसलेली गाडी हवी होती. ती मला घरबसल्या मिळाली.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, याच्याकडे एक जुनी निळी गाडी आहे. मागच्या वर्षी तिची सेल्फची मोटर मी खोलून, साफ करून बसवून दिली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिने नवं नाटक सुरू केलं. चावी फिरवली की कधी लगेच चालू व्हायची आणि कधी नुसता टक्क आवाज करून गप्प बसायची. दिवे मंद व्हायचे. पुन्हा प्रयत्न केला की कधी लागायची, कधी नाही. मी बॅटरी बदलून बघितली. सेल्फ पुन्हा खोलून बघितला. जुनी झालीय, असं म्हणून हात टेकले. मेहुणा म्हणायचा, "भावोजी, सगळं शहर तुम्हाला गाड्या दाखवायला येतं आणि मला रोज शेजाऱ्यांना धक्का मारायला बोलवावं लागतं." बायको यावर काही बोलायची नाही, फक्त माझ्याकडे बघायची. ते जास्त लागायचं.

ती गाडी मी केंद्रात आणवली. वर्गाला सांगितलं, "ही गाडी मी बिघडवलेली नाही. ही आपली आपण बिघडलेली आहे. बसच्या वर्कशॉपला एक नाव द्यायचंय. आधी पैलवान बघेल, मग चिमटी. ज्याला नीट सांगता येईल त्याचं नाव जाईल." हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. बाकीच्यांना मी पलीकडच्या खोलीत गिअरबॉक्स खोलायला बसवलं.

पैलवानाने सगळी सकाळ घेतली. बॅटरी तपासली, चांगली निघाली. फ्यूज बघितले, वायरी बघितल्या. शेवटी मला म्हणाला, "सर, बॅटरीपासून सेल्फपर्यंत करंट नीट जातोय. पुढे काय होतंय ते मला कळत नाही. पण इथपर्यंत नक्की." मला हे उत्तर आवडलं. माहीत नाही ते माहीत नाही म्हणाला, आणि जे माहीत आहे ते मोजून सांगितलं.

दुपारी चिमटी गेली. मी दारात उभा राहून बघत होतो. तिने टॉर्च घेतली आणि आडवी धरली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकं सांगून पुन्हा तेच! तेवढ्यात प्राचार्यांचं बोलावणं आलं. पाहुणे आले होते आणि त्यांना भिंतीवरची आकृती दाखवायची होती. मी गेलो. चिमटीने पैलवानाला चावी मारायला म्हणून हाक मारली, एवढं जाता जाता ऐकू आलं.

पाहुणे लवकर हलेनात. मी परत आलो तोवर सुटीची घंटा झाली होती आणि सगळा वर्ग त्या निळ्या गाडीभोवती गोळा झाला होता. कोणी टायरला लाथ मारत होतं, कोणी चिमटीला विचारत होतं. बॉनेट बंद होतं. ती फडक्याने हात पुसत उभी होती.

"काय, सापडलं?" मी मोठ्याने विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग भोवती उभ्या असलेल्या मुलांकडे बघितलं.

"नाही, सर," ती म्हणाली.

"काय केलंस एवढा वेळ?"

"बघत होते."

"काय बघत होतीस? पुसलेली जागा?"

मुलं हसली. मी त्यांना हसू दिलं. वरून आणखी एक भाषणही ठोकलं, की गाडी काही माणसाच्या हातावरून ओळखायची नसते, गाडीला मास्तर नसतो, आणि हुशारीपेक्षा क्रम महत्त्वाचा. मग जाहीर केलं, की उद्या वर्कशॉपला पैलवानाचं नाव जाईल. मुलांनी पैलवानाच्या पाठीवर थापा मारल्या. तो लाजल्यासारखा खाली बघत राहिला. चिमटीने पाने मोजून पेटीत ठेवले, पेटी कपाटात ठेवली, "येते, सर" म्हणाली आणि गेली. मला वाईट वाटत होतं आणि वाईट वाटतंय याचा रागही येत होता. मेहुणा येऊन गाडी घेऊन गेला. मी त्याला म्हटलं, "विकून टाक."

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या साहेबांना फोन करायचा होता. सकाळी मी चहा घेत होतो आणि मेहुणा दारात हजर झाला. तोंडभर हसत. सोबत बायकोसाठी फळं, माझ्यासाठी नवं फडकं.

"भावोजी, मानलं तुम्हाला! काय केलंत तरी काय? कालपासून दहा वेळा तरी चालू-बंद केली असेल. एकदाही टक्क नाही. चावी लावायचा अवकाश, की चालू. विकून टाक म्हणून माझी थट्टा करत होतात होय?"

"मी काही केलेलं नाही," मी म्हटलं.

"ऐका! म्हणे काही केलेलं नाही. ताई, बघ तुझा नवरा."

मी कप तसाच ठेवला आणि बाहेर गेलो. बॉनेट उघडलं. जुनं इंजिन, जागोजागी गंज, वर्षांची धूळ. माझी नजर आपोआप त्यावरून आडवी फिरली आणि एका जागी थांबली.

इथं थोडं समजावून सांगावं लागेल. बॅटरीतून निघालेली वीज सेल्फपर्यंत गेली की तिचं काम संपत नाही, तिला बॅटरीकडे परतही यावं लागतं. परतीसाठी गाडीत वेगळी वायर नसते. इंजिनाच्या अंगावरून एक जाड पट्टी गाडीच्या सांगाड्याला बोल्टने जोडलेली असते आणि वीज त्या वाटेने परत येते. तिला आम्ही अर्थची पट्टी म्हणतो. ती जिथं बसते तिथलं लोखंड उघडं असावं लागतं. मागच्या वर्षी सेल्फ बसवताना त्या जागेवर मला गंज दिसला होता. गंज मला बघवत नाही. मी तो खरवडला, वर छानपैकी काळा रंग मारला, वाळू दिला आणि रंगावर पट्टी बसवून बोल्ट आवळला. वर फडकंही फिरवलं असणार. दिसायला फार सुंदर काम झालं होतं. फक्त विजेची परतीची वाट मी रंगाने बुजवून टाकली होती. बोल्टच्या आट्यांमधून जाईल तेवढीच वीज जात होती. कधी पुरायची, कधी नाही.

आता त्या बोल्टभोवतीचा रंग पॉलिश पेपरने घासून काढलेला होता. गोल, वॉशरहून जेमतेम मोठा. कडेने डोकावणारं लोखंड चांदीसारखं चमकत होतं. पुन्हा गंजू नये म्हणून कडेला ग्रीसचा पातळ हात दिलेला होता. आणि भोवतालची जागा फडक्याने पुसून स्वच्छ केलेली होती. मी करतो तशी. तिथं कोणी होतं हे मालकाला कळता कामा नये, अशी.

मेहुणा मागून येऊन म्हणाला, "काय बघताय?"

मी म्हटलं, "माझा हात." त्याला काही कळलं नाही आणि मला समजावून सांगायची ताकद नव्हती. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. चूक केली याची कमी, कारण चुका होतात. पण तो बिघाड आपोआप झाला असं मी सगळ्या वर्गासमोर छाती पुढे काढून सांगितलं होतं. तिने तो काढला, दुरुस्त केला आणि मी तिचं हसं करत असताना ती हात पुसत उभी राहिली.

मी मेहुण्याला म्हटलं, "गाडी आजच्या दिवस दे." त्याच्या गाडीतूनच केंद्रात गेलो. ती एका दमात चालू झाली, याचाही राग आला.

वर्ग भरल्यावर मी सगळ्यांना गाडीभोवती उभं केलं. बॉनेट उघडलं आणि जागा दाखवली. काळा रंग कोणी मारला, का मारला, त्याने काय झालं, सगळं सांगितलं. माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, कारण हळू बोललो असतो तर बोलताच आलं नसतं. मग चिमटीकडे वळलो.

"हे तू केलंस?"

"हो, सर."

"टॉर्चने शोधलंस?"

"आधी टॉर्चने दिसलं," ती म्हणाली. "सगळीकडे गंज आणि एवढाच काळा कुळकुळीत रंग. तुमचा हात ओळखला. पण तुम्ही म्हणाला होतात, हातावर जायचं नाही. म्हणून मीटर लावला. एक टोक इंजिनाला, दुसरं बॅटरीच्या परतीच्या टोकाला. पैलवानला चावी मारायला सांगितलं. काटा हलायला नको होता, तो चांगलाच हलला. म्हणजे वाट तिथंच अडत होती. मग रंग काढला आणि पुन्हा मोजलं. तेव्हा हलला नाही."

म्हणजे पोरगी माझं ऐकतही होती. मी रागाने बोललो होतो, तिने त्यातला रागाचा भाग टाकून कामाचा भाग घेतला होता.

"मग काल विचारलं तेव्हा नाही का म्हणालीस?"

ती पायाकडे बघायला लागली. "सर, सगळे उभे होते."

मग पैलवान खाकरला.

"सर, मी चावी मारत होतो. बॉनेट वर होतं, ती काय करतेय ते मला दिसत नव्हतं. पण आधी टक्क झालं आणि नंतर एकदम चालू झाली. मला कळलं होतं हिला सापडलंय."

"आणि तू मूग गिळून बसलास?"

"ती स्वतः नाही म्हणाली. तुम्ही माझं नाव घेतलंत. तेव्हा मी कशाला नको म्हणू, सर?" तो लाल झाला होता. "पण झोप नाही लागली. तिचंच नाव द्या."

त्याला रागावायला माझ्याकडे तोंड नव्हतं. मी खिशातून फोन काढला आणि तिथंच, सगळ्यांच्या देखत, वर्कशॉपच्या साहेबांना लावला. चिमटीचं नाव सांगितलं. साहेब म्हणाले, मुलगी का? मी म्हटलं, हो. ते म्हणाले, जमेल ना तिला? मी म्हटलं, "साहेब, मी स्वतः केलेला आणि मलाच न सापडलेला बिघाड तिने मोजून काढलाय. तुम्हाला कोणाला जमत नसेल तर तिला विचारा." साहेब म्हणाले, पाठवा एक तारखेला. आणि फोन ठेवता ठेवता मी पैलवानाबद्दलही बोललो, की जागा निघाली तर हा मुलगा क्रम सोडत नाही. ते बघू म्हणाले.

चिमटी रडली नाही की हसली नाही. "आईला सांगून येऊ का?" एवढंच तिने विचारलं.

"थांब," मी म्हटलं. "आधी एक ऐक. तिथं माझ्याहून मोठे साहेब असतील. तेही चुकतील. तू काल दुरुस्त न करताच गप्प बसली असतीस, तर मेहुण्याने शेजाऱ्यांकडून धक्का मारून घेतला असता, दुसरं काही नाही. तिथं गप्प बसलीस तर माणसांनी भरलेली बस रस्त्यात उभी राहील. चूक दिसली की सांगायची. कोणाचीही असो."

"सगळ्यांसमोर, सर?"

"सगळ्यांसमोर."

"साहेबांना राग आला तरी?"

"आला तरी. सवय लाव. आजपासून लाव."

तिने मान हलवली आणि निघाली. दारापर्यंत जाऊन थांबली, मागे वळली. पहिल्या दिवशी आईशेजारी उभी असताना जशी बघत होती, तशीच आताही माझ्याकडे न बघता आत्याबाईकडे बघत होती.

"मग सर, एक सांगू?"

"सांग की."

"भिंतीवरच्या आकृतीत सेल्फपासून बॅटरीकडे परत येणारी रेघ नाहीये."

मी तडक वर्गखोलीत गेलो, मागोमाग सगळे आले. भिंतीकडे बघितलं. बॅटरी, चावी, दिवे, सेल्फची मोटर. लाल रेघ बॅटरीतून निघून डौलाने सेल्फपर्यंत गेली होती आणि तिथं संपली होती. परतीची रेघ काढली तर ती दिव्यांच्या रेघांना आडवी जाते, चित्र विद्रूप दिसतं, असं तेव्हा मला वाटलं होतं. नंतर कुठंतरी खूण करू म्हणून ठेवलं आणि राहूनच गेलं. ती आकृती पाहुण्यांना दाखवली, प्राचार्यांना दाखवली, दर वर्षी नव्या मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावली.

"तुला हे कधी दिसलं?" मी विचारलं.

तिने उत्तर द्यायच्या आधी माझी नजर वर्गावर गेली. एकाही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सगळे खाली बघत होते.

"सर, ते सगळ्यांनाच माहीत आहे," पैलवान म्हणाला. "आधीच्या वर्गातली मुलं पहिल्याच दिवशी सांगून जातात. परीक्षेत ती रेघ आपली आपण काढायची आणि सरांना बोलायचं नाही."

"किती वर्षांपासून?"

खरं तर विचारायची गरजच नव्हती, भिंत मी कधी रंगवली ते मला माहीत होतं. माझ्या हाताखालून शिकून गेलेली सगळी मुलं डोळ्यांसमोर येऊन गेली. त्यातल्या प्रत्येकाने माझी चूक ओळखली होती आणि जाताना ती मागच्याला सांभाळायला दिली होती.

मी चिमटीला म्हटलं, "आईला दुपारी सांग. कपाटात काळ्या रंगाचा डबा आहे, तो काढ."

तिने डबा आणला, ब्रश आणला. मी ब्रश तिच्याच हातात ठेवला आणि पैलवानाने टेबल भिंतीला लावलं. ती वर चढली. तिने सेल्फपासून रेघ सुरू केली, दिव्यांच्या तिन्ही रेघांना छेदून आडवी नेली आणि बॅटरीला आणून जोडली. रंगाचा एक ओघळ खाली आला होता. मी सवयीने खिशातून फडकं काढलं.

"पुसू, सर?" वरून तिने विचारलं.

"राहू दे," मी म्हटलं. "तिथं कोणी होतं हे दिसू दे."